जुन्या शाळांची पगारपत्रके रद्दीत घालू नका

प्रति,
नागपूर विभागातील स्वातंत्र्यपूर्व काळापासून चालू असलेल्या शाळांचे संस्थाचालक व मुख्याध्यापक,
तसेच जिल्हा परिषदा व महानगरपालिका यांचे शिक्षण विभाग

स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत तुमच्या कपाटांतली दाखल-खारीज रजिस्टरे भराभर बाहेर निघाली. जातपडताळणीसाठी कोणाला १९५० पूर्वीचा, कोणाला १९६१ पूर्वीचा, कोणाला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यासाठी पालक खेटे घालतात, वरून पत्रे येतात, पाने स्कॅन होतात. हे काम झाले ते चांगलेच झाले. हे पत्र त्याच कपाटाच्या खालच्या खणाबद्दल आहे. तिथे शिक्षकांची पगारपत्रके असतात, अनुदानाची मंजुरीपत्रे असतात, फीची किर्द म्हणजे रोजची जमाखर्चाची वही असते, शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटी साहेबांचे शेरेबुक असते. त्यात कोणाची जात सापडत नाही, म्हणून ते कोणी उघडत नाही, आणि अभिलेख निंदणीकरणाची, म्हणजे नको असलेले जुने कागद काढून टाकण्याची मोहीम आली की ‘मुदतबाह्य’ म्हणून सगळ्यात आधी तेच निघते.

ते काढू नका, एवढीच आमची मागणी आहे. ब्रिटिश अमलात शाळेवर कोणी किती पैसा घातला आणि त्यातला शिक्षकाच्या हातात किती पडला, याचा प्रांताचा हिशेब छापील अहवालांत मिळतो. पण तो सरासरीचा हिशेब. उमरेडच्या, काटोलच्या, पवनीच्या एखाद्या शाळेतल्या दुय्यम शिक्षकाला ज्येष्ठ महिन्यात पगार मिळाला की नाही, हे सांगणारा कागद फक्त तुमच्याकडे आहे, आणि त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेही नाही.

या वह्या वाचता याव्यात म्हणून पैसा कुठून येत होता ते आधी सांगतो. ब्रिटिश पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेत शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद केली तेव्हा नागपूर भोसल्यांचे होते. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, राज्य खालसा झाले आणि १८५४ च्या जुलैत वुडचा खलिता, म्हणजे खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण ठरवणारे लंडनहून आलेले पत्र, निघाले. म्हणजे आपल्या भागातले सरकारी शिक्षण सुरू झाले तेच अनुदान पद्धतीच्या छायेत. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची नागपुरातली शाळा १८४६ ची, ती या पद्धतीच्याही आधीची. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि पाठोपाठ प्रांताचे शिक्षण खाते उभे राहिले.

वुडच्या खलित्यातल्या अटी आज वाचल्या तरी ओळखीच्या वाटतील. शाळेने चांगले लौकिक शिक्षण द्यावे, तिला जबाबदार स्थानिक व्यवस्थापन असावे, सरकारी तपासणी मान्य करावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घ्यावी. मग सरकार खर्चाचा काही भाग उचलेल. पूर्ण खर्च उचलण्याचे वचन त्यात कुठेही नव्हते. मुख्य शिक्षकाच्या पगारात भर, हाताखालच्या शिक्षकांची सोय, शिष्यवृत्त्या, पुस्तके अशा ठरावीक कामांसाठी मदत द्यायची होती. पाच वर्षांत सरकारच्याच लक्षात आले की खेड्यातल्या प्राथमिक शाळेला ही पद्धत झेपत नाही, कारण निम्मा खर्च उचलायला तिथे कोणी नसतो. १८५९ च्या स्टॅन्लीच्या खलित्याने प्राथमिक शिक्षणासाठी जमिनीवर स्थानिक कर बसवण्याचा मार्ग सुचवला. मुंबई इलाख्यात रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत आणि त्याचा एक तृतीयांश भाग शाळांना देत. मध्य प्रांतातही जमीन महसुलाबरोबर शाळेचा कर वसूल होई. शेतकऱ्याने भरलेल्या या पैशावर गावच्या शाळा उभ्या राहिल्या, हे शताब्दी स्मरणिकांत क्वचितच लिहिलेले असते.

म्हणून कोणतेही जुने पगारपत्रक हातात आले की पहिला प्रश्न हा विचारावा: पगार कोणत्या थैलीतून? प्रांतिक निधी, जिल्हा कौन्सिलचा निधी, नगरपालिका, फी आणि वर्गणी-देणगी अशा पाच थैल्या होत्या. नागपूर नगरपालिका १८६४ ची. जिल्हा कौन्सिले मध्य प्रांताच्या १८८३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने आली. एकाच शाळेत मुख्य शिक्षक एका थैलीतून आणि दुय्यम शिक्षक दुसऱ्या थैलीतून पगार घेत असेल, तर दोघांच्या पगाराच्या तारखाही वेगळ्या पडतात. वहीत एकाची सही पाच तारखेची आणि दुसऱ्याची तीन महिन्यांनंतरची दिसली, तर तो लिहिणाऱ्याचा गोंधळ समजू नका. पैसा तसाच आला होता.

आता अनुदान मोजण्याच्या पद्धतीकडे वळतो, कारण शिक्षकाचे सगळे हाल तिथून सुरू होतात. काही प्रांतांत प्रशिक्षित शिक्षकाच्या पगाराचा ठरावीक हिस्सा सरकार देई. काही ठिकाणी तीन किंवा पाच वर्षांसाठी ठोक रक्कम बांधून मिळे. तिसरी पद्धत निकालावर अनुदान देण्याची. इंग्लंडात ती १८६२ पासून होती, तिथून आपल्याकडे आली, आणि मुंबई इलाख्यात तिचा मोठा जोर होता. तपासणीच्या दिवशी डेप्युटी प्रत्येक मुलाची वाचन, लेखन, गणित अशा विषयांत वेगवेगळी परीक्षा घेई आणि पास झालेल्या प्रत्येक विषयामागे आणे-रुपयांचा दर ठरलेला असे. तुमच्या शेरेबुकात मुलांच्या नावांपुढे विषयवार खुणा आणि तळाशी रुपये-आणे-पै यांची बेरीज दिसली, तर ते याच पद्धतीचे पान आहे.

ती कुठे मोडे, हेही त्या पानांतच दिसते. तपासणीच्या दिवशी गावात देवीची किंवा पटकीची साथ असली, कापसाची वेचणी चालू असली, तर मुले गैरहजर राहत आणि त्यांचे अनुदान बुडे. शिक्षकाने वर्षभर शिकवलेले त्या दिवसापुरते शून्य होई. अगदी लहान मुले परीक्षेला बसवता येत नसत, म्हणून त्यांच्याकडे लक्ष देणे शिक्षकाला परवडत नसे. कच्च्या मुलाला पुढच्या वर्गात चढवले जात नसे. पाठ्यपुस्तक पाठ करून घेतले जाई. हजेरीच्या ठरावीक दिवसांची अट असली की हजेरीपटात न आलेल्या मुलांच्याही खुणा पडत. दुष्काळात तर दुहेरी फटका बसे: १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांच्या हजेरीपटाशेजारी त्याच वर्षांची अनुदानपत्रे ठेवून पाहा. हे दोन कागद एकत्र असले तरच काही कळते, आणि नेमके हेच आपल्याकडे वेगळे पडतात, कारण हजेरीपट एका गठ्ठ्यात असतो आणि लेखा विभागाचे कागद दुसऱ्या.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात या पद्धतीवर नेमके बोट ठेवले होते. गरीब आणि शिक्षणाची गोडी न लागलेल्या लोकांत निकालावर पैसे मिळणार असतील, तर कोणता शिक्षक आपल्या जिवावर शाळा काढील, असा त्यांचा मुद्दा होता. त्यात त्याचे पोट भरणार नाही. त्याच निवेदनात त्यांनी प्रशिक्षित, परीक्षा पास प्राथमिक शिक्षकाला महिना किमान १२ रुपये आणि मोठ्या गावात १५ ते २० रुपये मिळावेत, असे मागितले आहे. निकालावरच्या अनुदानाची पद्धत सोडून देण्याचे धोरण हिंदुस्थान सरकारने १९०४ च्या ठरावात जाहीर केले. आणि २१ फेब्रुवारी १९१३ च्या शैक्षणिक ठरावात सरकारने प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाचा किमान पगार सुचवला, तो किती? महिना १२ रुपये. फुल्यांनी मागितलेला आकडा सरकारी कागदावर शिफारस म्हणून उमटायला ३१ वर्षे लागली, आणि तेवढ्यात १८८२ चे १२ रुपये १२ रुपयांचे राहिले नव्हते. पुढच्या सहा-सात वर्षांत महायुद्धाने धान्य-कापडाचे भाव जवळजवळ दुप्पट केले.

त्याच १९१३ च्या ठरावात आणखी तीन गोष्टी होत्या: शिक्षकांना श्रेणीबद्ध सेवेत घ्यावे, त्यांना पेन्शन किंवा प्रॉव्हिडंट फंड असावा, आणि एका शिक्षकाकडे ५० पेक्षा जास्त मुले नसावीत, शक्यतो ३० ते ४० असावीत. तुमच्या शाळेत यांपैकी काय कधी लागू झाले, हे तपासायला तीनच वह्या पुरतात. पगारपत्रकात फंडाच्या कपातीचा रकाना कोणत्या वर्षी उघडला ते पाहा, नेमणूक रजिस्टरात वार्षिक वाढ कधीपासून लिहिली ते पाहा, आणि हजेरीपटातली मुले शिक्षकांच्या संख्येने भागा. एका शाळेचे हे काम एका माणसाने दोन दिवसांत होण्यासारखे आहे.

पुढचे आकडेही सोबत ठेवा म्हणजे तुमची वही कुठे बसते ते कळेल. शिक्षणाच्या वाढीचा आढावा घेणाऱ्या हार्टोग समितीच्या १९२९ च्या अहवालात प्राथमिक शिक्षकाचा सरासरी पगार मुंबई इलाख्यात ४७ रुपये, बंगालमध्ये साडेआठ रुपयांच्या आत आणि आपल्या मध्य प्रांतात सुमारे साडेचोवीस रुपये दिला आहे. एकाच राजवटीत एवढी दरी, कारण प्रांत आणि थैली वेगळी. १९३१-३२ च्या मंदीत सरकारी नोकरांच्या पगाराला दहा टक्के कात्री लागली. त्या सालच्या पत्रकात एखादा जादा कपातीचा रकाना दिसला तर हे कारण ताडून पाहा. १९३७ मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षणाची परिषद भरली. तिच्यातून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने शिक्षकाला शक्य तर २५ रुपये द्यावेत, २० पेक्षा कमी कधीच देऊ नयेत, असे सांगितले. आणि त्याच सुमारास आपल्याच प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या विद्यामंदिर योजनेत जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवून गुरुजीला महिना १५ रुपये देण्याचे ठरले. प्रांताची दहा वर्षांपूर्वीची सरासरी याहून जास्त होती! शिक्षकाच्या त्यागावर शाळा चालवायची, हा विचार फक्त परक्या सरकारचा नव्हता, हे आम्हाला इथे स्पष्ट म्हणायचे आहे. युद्धोत्तर शिक्षणासाठी सरकारने आखलेल्या १९४४ च्या सार्जंट योजनेत प्राथमिक शिक्षकाची श्रेणी ३० रुपयांपासून ५० रुपयांपर्यंत सुचवली गेली.

या वह्या वाचताना ठेचा लागतात त्या अशा. आकडे नेहमी रुपये-आणे-पै असे तीन घरांत असतात; १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा. १२-८-० म्हणजे साडेबारा रुपये, बारा रुपये आठ पैसे नव्हे. जुन्या मराठी जमाखर्चात पाव, अर्धा आणि पाऊण उभ्या रेघांनी लिहीत. १२॥ हा आकडा संगणकात भरताना १२११ असा पडतो आणि दुय्यम शिक्षकाला हजार रुपये पगार होऊन बसतो. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, तेव्हा त्या वर्षाच्या पत्रकांत दोन्ही पद्धती मिसळलेल्या असणारच. वर्षाचीही काळजी घ्या. सरकारी आर्थिक वर्ष १८६७ पासून एप्रिल ते मार्च झाले, त्याआधी ते मेपासून होते, म्हणून १८६६-६७ चा हिशेब अकराच महिन्यांचा आहे. आरंभीच्या काही वह्या मोडीत असतील. मोडी येत नाही म्हणून ती वही बाजूला टाकू नका. तिच्यावर सालाची चिठ्ठी लावून ठेवा, वाचणारे नागपुरात मिळतात.

पगारपत्रकावरचे महसुली तिकीट हा तर स्वतंत्र पुरावा आहे. मुद्रांक कायद्याप्रमाणे २० रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीला एक आण्याचे तिकीट लागे. त्यामुळे एका पानावर तिकीट किती सह्यांना आहे हे मोजले, की २० रुपयांवर किती शिक्षक होते ते रक्कम न वाचताही कळते. शाई उडालेल्या पानांवर हाच एक आधार उरतो. जुन्या तिकिटांचे शौकीन ती वाफेवर सोडवून नेतात आणि खालची सही त्यासोबत जाते. कोणालाही तिकीट काढू देऊ नका.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण ती सांगितलीच पाहिजे. अनुदान खर्चाच्या प्रमाणात मिळे. समजा, शाळेचा मान्य खर्च महिना १५० रुपये, अनुदान एक तृतीयांश म्हणजे ५०, फी ६०. उरलेले ४० रुपये संस्थेने उभे करायचे. ते उभे राहिले नाहीत की काही संस्था शिक्षकाची सही पूर्ण पगारावर घेत आणि हातात कमी ठेवत, किंवा फरक ‘देणगी’ म्हणून परत घेत. हे ओळखायचे तर पगारपत्रक एकटे पुरत नाही. त्याच महिन्याची संस्थेची किर्द उघडा आणि देणगीच्या बाजूला शिक्षकांची नावे, दर महिन्याला तीच रक्कम, असे येते का पाहा. हे सापडले म्हणून संस्थेची बदनामी होईल, अशी भीती बाळगू नका. त्या काळात अपुरे अनुदान घेऊन शाळा चालू ठेवणे म्हणजे काय होते, याचा याहून प्रामाणिक कागद नाही. शताब्दीच्या अंकात संस्थापकांचे फोटो जरूर छापा, पण ती देणगी देणाऱ्या शिक्षकांची यादीही छापा. शाळा त्यांच्याही पैशावर चालली.

जपणुकीचे काम महाग नाही, फक्त चुकीचे उपाय टाळायला हवेत. सेलो टेप लावू नका. काही वर्षांत गोंद कागदात उतरतो आणि अक्षर तपकिरी होते. लॅमिनेशन तर कधीच नको, ते उलटवता येत नाही. स्टेपल आणि टाचण्या काढा, नागपूरच्या पावसाळ्यात त्या गंजून कागदाला भोक पाडतात. आपल्या उन्हाळ्यात कागद पापडासारखा होतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये घडी उलगडण्याच्या भानगडीत पडू नका. हे काम पावसाळा संपल्यावर करा. भिजलेली वही उन्हात ठेवली तर पाने वाकून चिकटतात, त्यापेक्षा पानांत कोरा टीपकागद घालून पंख्याखाली सावलीत वाळवा. धूळ मऊ रुंद ब्रशने शिवणीकडून बाहेर झाडा. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवले की वाळवीचा माग दिसतो. गठ्ठा सुती कापडाच्या बस्त्यात बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो.

फोटो काढण्यासाठी शिवण उसवू नका. वही उघडून दोन्ही बाजूंना पुस्तकांचा आधार द्या, खिडकीच्या उजेडात मोबाइल बरोबर वरून धरा, फ्लॅश बंद ठेवा. मुखपृष्ठापासून शेवटपर्यंत सगळी पाने घ्या, कोरीसुद्धा, नाहीतर पुढे पान हरवले की सुटले ते कळत नाही. फाइलच्या नावात शाळा, वहीचा प्रकार, साल आणि पान क्रमांक या क्रमाने लिहा. विद्यार्थ्यांच्या जाती आणि पत्ते असलेली पाने मात्र इंटरनेटवर टाकू नका.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला वेगळे सांगायचे आहे. तुमच्याकडचे दप्तर आधी जिल्हा कौन्सिलचे होते, १९४८ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या जनपद सभेकडे गेले, १९६२ मध्ये तुमच्याकडे आले. मध्येच १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी उठली. प्रत्येक बदलात काही गठ्ठे हरवले. उरलेल्यांचे सहा गठ्ठा पद्धतीत, म्हणजे कागद किती काळ ठेवायचा त्यानुसार गठ्ठे पाडण्याच्या सरकारी पद्धतीत, वर्गीकरण करताना वेतनाची देयके थोड्या मुदतीच्या ‘क’ किंवा ‘ड’ मध्ये टाकण्याची सवय आहे, ती आजच्या देयकांना ठीक. १९५७ पूर्वीची पगारपत्रके, अनुदान मंजुरी आणि शेरेबुके मात्र कायम जतनाच्या ‘अ’ वर्गात घ्यावीत, असा लेखी आदेश काढा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू असताना जुने दप्तर यादी न करता नष्ट करणे योग्य नाही. पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय नागपुरातच आहे. कागद नष्ट करण्याआधी त्यांना यादी दाखवा आणि ठेवायला जागा नसेल तर गठ्ठे त्यांच्याकडे सोपवण्याबद्दल विचारा.

दरवर्षी हिवाळी अधिवेशनाला विनाअनुदानित शाळांचे शिक्षक आपल्या शहरात अनुदानाच्या टप्प्यांसाठी धरणे धरतात. त्यांच्या मागणीवर विचार करणाऱ्यांसमोर दीडशे वर्षांचा खरा हिशेब असायला हवा, आणि त्याची मूळ पाने तुमच्या कपाटात आहेत.

यंदाच्या दिवाळीच्या सुटीत कपाट आवरायला घ्याल तेव्हा रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एक साधी यादी करा: वहीचे नाव, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, पाने किती, लिपी कोणती, अवस्था कशी. यादीची एक प्रत मुख्याध्यापकांच्या टेबलात, एक संस्थेकडे आणि एक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे असू द्या.

आपले,
जुन्या शालेय दप्तराचा अभ्यास करणारे काही शिक्षक व अभ्यासक
नागपूर